उष्ट्या फुलांची लाखोली

टाळ जरा खाली ठेवा मंडळी, मृदंगाला दम खाऊ द्या, आणि एका प्रश्नाचं उत्तर मनाशी काढा. देवाला द्यायचं, तर ते दुसऱ्या कुणाच्या तोंडचं काढून द्यायचं का? घाईनं माना हलवू नका! पुढच्या रांगेतल्या काकांनी तर ‘नाही, नाही’ म्हणूनही टाकलं. काका, आज पहाटे शेजाऱ्याच्या कुंपणावरून आकडी घालून जास्वंद कुणी ओढली? हसू नका, मागं बसलेल्यांच्याही परड्या मला ठाऊक आहेत.

तर ऐका. कोयनेच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव. तिथं अनुसयाबाई आणि तिचे मालक राहायचे. मालकांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबा तालुक्याच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानात विक्रीला उभे असायचे. जीभ अशी, की रुमाल घ्यायला आलेला माणूस अख्खा तागा घेऊन जायचा आणि घरी बायकोची बोलणी खायचा. घरीही तोंडाला विश्रांती नाही. अनुसयाबाई वैतागून म्हणायची, “जरा गप बसा की वो, कानाला दडं बसलं माझ्या.”

आणि एक दिवस आबा गप्प झाले. अर्धांगवायू! उजवी बाजू गेली, आणि जीभही गेली. डॉक्टर म्हणाले, हातपाय थोडे सुधारतील, बोलण्याचं काही सांगता येत नाही. मंडळी, आपण घरच्या माणसाला ‘गप बस’ म्हणतो ना, ते तो खरंच बसेपर्यंतच बरं वाटतं.

बाईनं महादेवाला नवस बोलला. “देवा, धन्याला वाचा दे. माझ्या दारातल्या फुलांची लाखोली वाहीन.” दारातल्या हं — विकतची नाहीत! लाखोली म्हणजे लाख फुलं. आता एकेक कोण मोजणार? पहिली वाटी मोजून भरायची, पुढं नुसत्या वाट्या मोजायच्या. देव काही वाण्यासारखा काट्याकडं बघत बसत नाही. पण लाख ते लाखच. दारात दोन जास्वंदी आणि एक कण्हेर, एवढ्यावर ते व्हायचे कसे?

मग बाई डोंगराकडं गेली. दिवाळीच्या सुमाराला तिथं तेरडा, सोनकी, कुर्डू अशी सगळी रानफुलं बियांवर आलेली असतात. तिनं ते बी ओच्यात भरून आणलं, जपून ठेवलं, आणि पावसाच्या आधी अंगण उकरून त्यात फेकलं. शेजारची हौसाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. “काय गं, लोक रान काढून फुलं लावत्यात, तू अंगणात रान लावतीस? आन् तेरड्याचा रंग तीन दिवस, ठावं हाय न्हवं?”

अनुसयाबाई म्हणाली, “तीन तर तीन. दुसऱ्या फांदीला रोज नवं येतंय की.”

आलंही! श्रावणात अंगण नुसतं फुलून गेलं. आणि मग ज्यांना आवतण नव्हतं ती मंडळी जेवायला आली. मधमाश्या आल्या, भुंगे आले, पिवळी-निळी फुलपाखरं आली. कुर्डूच्या तुऱ्यांवर मुनिया लोंबकळायला लागल्या. आणि शिंजीर आला. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी, उन्हात जांभळा चमकणारा. वाकडी चोच तेरड्यात घालून तो आतला रस ओढायचा. आबा ओसरीवर खुर्चीत बसलेले असायचे. ते मान वळवून हे सगळं बघत राहायचे.

बाईला आनंद झाला असेल, असं वाटतं ना तुम्हाला? छे! बाई संतापली. का? तर फूल उष्टं झालं! आपण वास घेतलेलं फूलसुद्धा देवाला वाहत नाही. मग तोंड लावलेलं कसं वाहायचं? झालं — उजाडायच्या आत बाई परडी घेऊन अंगणात उभी. माशी उठायच्या आधी सगळं अंगण साफ! राहिलेल्या कळ्यांवर जुनं लुगडं पसरायची, आणि पाखरू आलंच तर फडकं घेऊन धावायची. एकेक वाटी करत लाखोली पुढं सरकत होती.

आता आबांनी खुर्चीतच अंग वळवून भिंतीकडं तोंड केलं. बाईला ते दिसत होतं. पण आजारी माणूस, कंटाळला असेल, असं ती स्वतःला सांगायची. ज्याच्यासाठी देवाला धरलं त्याचंच तोंड कुठं वळलंय, हे तिला कळलं नाही. आणि तिला हसू नका मंडळी, आपलं तरी काय वेगळं असतं?

एके दिवशी तिच्या अंगात कणकण होती. उठायला उशीर झाला, आणि बाहेर येते तो अंगणात ऊन उतरलेलं. तेरड्यावर शिंजीर लटकून मजेत रस पितोय. बाईनं फडकं उगारलं — आणि ओसरीवरून आवाज आला. घोगरा, ओढल्यासारखा.

“ऱ्हा... ऱ्हाऊ दे.”

अनुसयाबाई तिथंच मातीत मटकन बसली. आबा बोलले होते. परडी कुठं, फडकं कुठं. बाई तोंडाला पदर लावून रडत राहिली.

पण पेच बघा! नवस कशाचा? वाचेचा. वाचा आली. आणि आलेला पहिला शब्द काय? तर नवस फेडू नको! आता बाईनं करायचं काय? देवाचं ऐकायचं की नवऱ्याचं?

हौसाबाई लगेच हजर. “अगं, देवानं त्याचा शब्द पाळला. आता तू तुझा मोडलास, तर दिल्यालं माघारी न्यायला त्याला कितीसा वेळ?” दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं पुन्हा अंगण खुडून मोकळं केलं. आणि आबा? पुन्हा भिंतीकडं तोंड. शब्द तर नाहीच, भाकरीच्या घासालाही तोंड उघडेनात. हौसाबाई म्हणाली, “बघ, एक दीस चुकलीस त्याचं फळ!” बाई घाबरून आणखी भराभरा तोडायला लागली.

सोमवारी ती भरली परडी घेऊन देवळात गेली. महिपती गुरव पिंडीला पंचामृताचं स्नान घालत होता. दूध झालं, दही झालं, तूप झालं, आणि मग मधाची धार पिंडीवर पडायला लागली. बाई त्या धारेकडं बघत राहिली.

“महिपतीदादा, मध कसला ह्यो?”

“कसला म्हंजे? माशांचा. डोंगरातला हाय, झकास हाय.”

“माशीनं तोंडातनंच आणल्याला न्हवं?”

गुरव हसला. “मग काय वहिनी, परडीतनं आणंल?”

बाई हसली नाही. जो देव माशीच्या तोंडचं डोक्यावर घेतो, त्याच्यासाठी आपण माशीच्या तोंडचं हिसकावून आणतोय! तिला लाज वाटली. पण भीती गेली नव्हती, मंडळी. भीती अशी जात नसते. ती पिंडीपुढं वाकली आणि म्हणाली, “देवा, ऱ्हायलेली लाखोली झाडावरच वाहते. चुकत असंल तर मला शिक्षा कर. त्यांच्या जिभेला हात लावू नगंस.”

घरी येऊन तिनं कळ्यांवरचं लुगडं काढलं, तळहातावरून पाणी सोडलं, आणि सगळं अंगण महादेवाला वाहून टाकलं. हौसाबाई परडी घेऊन आली. “तू तोडत न्हाईस, तर चार मी नेते.” बाई म्हणाली, “वाहिल्याली हायती गं. देवावरची फुलं कोण काढून नेतंय?”

मग काय, आबा लगेच घडाघडा बोलायला लागले? तसं सांगितलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल. पण तसं झालं नाही. कितीतरी दिवस ते गप्पच होते, आणि रोज सकाळी बाईचा जीव टांगणीला लागायचा. एवढंच झालं की त्यांनी अंगणाकडं तोंड केलं, आणि भाकरी खाल्ली. मग एका सकाळी ती झाडू घेऊन ओसरीवरून निघाली होती.

“अनुसये.”

ती थांबली.

“बस.”

ती पायरीवर बसली. एवढ्या वर्षांच्या संसारात सकाळच्या वेळी आपल्याच ओसरीवर ती अशी रिकामी कधी बसली नव्हती. समोर शिंजीर आला. दोघं बघत राहिली.

आबा पहिल्यासारखे पुन्हा बोलले नाहीत. दिवसाकाठी दोन-चार शब्द. हौसाबाई अजून म्हणते, लाखोली तोडून पुरी केली असती तर सगळी वाचा आली असती. असेलही, मी काही देवाचा कारभारी नाही. पण अनुसयाबाईला कुणी विचारलं तर ती म्हणते, “दोन शब्द बोलत्यात, ते दोन्ही मी ऐकते. सगळं बोलायचं, तवा कुठं ऐकलं?”

महादेवाचं नाव घ्या आणि सुखरूप घरी जा. उद्या पहाटे कुणी परडी काढेल, कुणी घराबाहेर वाढलेलं रान उपटायला विळा काढेल, कुणी घरातल्याच माणसाला गप्प बसवेल. पण ‘राहू दे’ म्हणायला प्रत्येकाच्या ओसरीवर आबा बसलेले नसतात. ते ज्याचं त्यानंच आपल्या हाताला म्हणायचं असतं.