त्रेचाळीस रनांचं भाषांतर

त्र्याऐंशीच्या वर्ल्ड कपची फायनल तुम्ही कशी ऐकली माहीत नाही, पण मुलचेऱ्याकडच्या आमच्या गावानं ती माझ्या तोंडून ऐकली. रेडिओवर कॉमेंट्री इंग्रजीत, आणि अख्ख्या गावात इंग्रजी येणारा मी एकटा मास्तर. क्रिकेट मात्र माझ्यासकट कुणालाच धड कळत नव्हतं. प्रत्येक विकेट मी ऐटीत मराठीत सांगत होतो.

शेवटी रेडिओत एकच कल्ला झाला. मला 'इंडिया' आणि 'फॉर्टी थ्री रन्स' एवढंच कळलं. मी मान खाली घालून जाहीर केलं, "हरलो. त्रेचाळीस रन कमी पडले."

म्हातारे चिन्नाभाऊ म्हणाले, "गुरुजी, हरलो त थो रेडिओतला माणूस इतका खुश काऊन होऊन राह्यला?"

"गोरा साहेब आहे तो, भाऊ. आपण हरलो की त्याले आनंदच होते."

लोक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी एसटीचा कंडक्टर ओरडतच उतरला, "जिंकलो! वर्ल्ड कप आपला!" गावात ढोल वाजले. मी घराबाहेर निघेना. शेवटी चिन्नाभाऊच दारात आले. रागावलेले अजिबात नव्हते, उलट काळजीनं विचारत होते,

"गुरुजी, आमच्या पोराईले इंग्रजी तुमीच शिकवता नं?"