बयाबाईची आधीची कमाई

साताऱ्याच्या स्टँडवर वडूजच्या गाडीसाठी उभा होतो. पुढं एक म्हातारा-म्हातारी. म्हातारीच्या नावच्या तिकिटाला लॉटरीचं बक्षीस लागलेलं, आणि कचेरीतून ते आयकर कापून नुकतंच हातात पडलेलं.

"आगं, बोल की. कर कापला म्हनून रागावलीस?"

"कापू द्या की. तिकीट तुमी घेतलं, नाव माझं घातलं. मला काय कष्ट पडलं?"

"मग तोंड का फुगलंय?"

"साहेबानं मला इचारलं, बयाबाई, ह्याच्या आदी तुमची काय कमाई हुती? तुमी मधीच का बोललासा?"

"काय वंगाळ बोललो? काय न्हाई, घरीच असती म्हनलो."

"घरी? मेंढरं कुनी राखली? तुमी ममईला गोदीत हुता, तवा घोंगडी इकून पोरं कुनी जगवली?"

"आगं, पन त्येला कोन कमाई म्हनतंय?"

"न्हाई म्हनत. उशाखाली तिकीट पडून हुतं, त्येला मातुर म्हनत्यात."

रांग सरकली. म्हातारा जागचा हलला नाही.

"चल."

"आवं, गाडी हिकडं लागती."

"कचेरी उगडी हाय अजून. साहेबाला सांगतो, मगाशी म्या चुकीचं बोललो. ही पयल्यापास्नं कमावती हाय."

"आनि त्येच्यावरबी कर कापला तर?"

"कापू दे. तुझ्या नावानं कापू दे."

दोघं फाटकाकडं निघाली. गाडी लागली तेव्हा खिडकीतून मी माझा रुमाल टाकला, आणि शेजारच्या दोन जागांवर पिशवी.