मालिकेतला मोठा पोरगा बदलला

ती कुटुंबाची विनोदी मालिका मी घरात आता लावू देत नाई. कोणी रिमोटले हात लावून दाखवा.

बारा वर्षं पाह्यली आमी. सासूले तर घरातल्यापेक्षा त्या मालिकेतल्या लोकायचीच काळजी. मागच्या महिन्यात त्यातला मोठा पोरगा बदलला. नट दुसरा, नाव तेच, चष्माही तसाच. आन मालिकेतल्या घरचे सारे त्याच्यासंग पह्यलेसारखेच हसून राह्यले.

सासू म्हणे, "त्याच्या मायलेही समजलं नाई काऊन व?"

मी म्हटलं, "समजलं असन. पण बोलता येत नाई. मालिका चालवा लागते ना."

तेवढंच बोलली मी, आन तेच नडलं.

दुसऱ्या दिवशी मी आन माहा नवरा आर्वीच्या बाजारातून घरी आलो. त्यानं विचारलं, "माय, जेवली का?" सासूनं त्याच्याकडं निरखून पाह्यलं आन हसली. "हो बाबू," म्हणाली. तो हातपाय धुवाले गेला, तशी माह्या कानाशी आली.

"हा आपला नाई. पण बोलू नको. चालू दे."

तवापासून ती त्याच्या हातचं पाणीही घेत नाई. समोर मात्र गोड हसते. परवा तो ओट्यावर बसून लेकरासारखा रडला. माहं डोकं फिरलं. टीव्ही बंद केला आन तिच्यापुढं जाऊन बसली.

"पंचवीस वर्षं संसार केला मी त्याच्यासंग. बदलला असता तर मले समजलं नसतं?"

सासूनं माह्या गालावरून हात फिरवला.

"तुले कसं समजन व? तू बी त्या दिवशी त्याच्यासंगच आली."