रंगू फडतऱ्यानं बूट काढले

थांबवा रे टाळ घटकाभर! आणि मागच्या बायांनो — सुनांची गाऱ्हाणी उद्या, आता इकडं बघा!

मंडळी, सवाल एकच आहे. शत्रूला मारणं हे शिपायाचं काम, ते त्यानं करावं. त्यात मला काडीची शंका नाही. पण शत्रूनं हत्यार खाली टाकलं, आणि ह्याच्या छातीतली आग मात्र अजून धडधडतीय — तेव्हा काय करायचं? बघणारं कोणी नाही. विचारणारं कोणी नाही. अशा वेळी उगारलेला हात आवरायचा तो कशाच्या बळावर?

बोला की! आता का गप्प? चहाच्या टपरीवर तर रोज एक लढाई जिंकून उठता!

बरं, मीच सांगते. पण देवादिकांची गोष्ट नाही सांगणार. ती सांगितली की तुम्ही म्हणता, "ते देव होते बाई, त्यांना जमलं." आणि सुटता! म्हणून आज माणसाची सांगते. माझ्या सासऱ्यांची. हैबती कणसे — पलटणीतले नाईक, दंडावर दोन पट्ट्या. का गं, हसता का? सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यावं का म्हणून? अगं, असं नाव असलं तर देवळातच काय, चावडीवर उभी राहून घेईन!

तर ऐका. जर्मनाची मोठी लढाई. आपली पोरं कुठं? पार इटली मुलखात. डोंगर आपल्यासारखेच, पण थंडी अशी की मिशीवर बर्फ धरायचं. चिखल गुडघाभर. हैबती नाईकांच्या हाताखाली सात-आठ जवान. त्यात रंगू फडतरे आणि त्याचा चुलतभाऊ गजाबा. चुलत म्हणायला! एका ताटात जेवलेले, एकाच दिवशी भरती झालेले. आणि तिसरा बाळकू — तोंडाचा पट्टा चालूच. मरण समोर उभं राहिलं तरी म्हणायचा, "जरा बाजूला सर, उजेड अडतोय!"

एका सकाळी हुकूम आला — समोरची टेकडी घ्या. टेकडीवर एक दगडी घर. तुकडी अर्ध्या चढावर आली, आणि त्या घरातून गोळी सुटली. एकच. गजाबा पुढं होता. पडला. हाक नाही, हूं नाही. पडला तो पडलाच.

रंगूनं पाहिलं. थांबला नाही. लढाईत थांबता येत नाही, मंडळी. तसाच वर चढत राहिला. रडू आतल्या आत आटलं आणि त्याची झाली आग!

वर पोचले. घराला वेढा पडला. आतून आणखी गोळी आली नाही. हैबतीनं आवाज दिला, "बंदूक बाहेर टाक!" भाषा कुठली कळणार? पण आवाज कळतो. दार किलकिलं झालं. एक म्हातारा, सुरकुतलेला हात बाहेर आला — बाईचा! — आणि त्या हातानं एक रायफल चिखलात टाकून दिली.

झालं. लढाई तिथं संपली. कायदा काय सांगतो? शरण आला त्याला हात लावायचा नाही. पण रंगूनं कमरेचा हातबाँब काढला.

"सरा नाईक. आत टाकतो."

"रंगू, हत्यार बाहेर आलंय."

"आन् माझा भाऊ खाली पडलाय! त्यो येतोय का बाहेर?"

बाकीचे काय म्हणाले? त्याला आवरलं? छे! "टाक रंगू! टाक!" हीच आपली पोरं बरं का, माळकऱ्यांच्या घरची. त्यांना नावं ठेवू नका. सकाळी ज्याच्यासोबत चहा प्याला तो दुपारी चिखलात पालथा बघा, आणि मग मला शहाणपण शिकवा.

हैबतीनं फटीतून आत डोकावलं. काय दिसलं? एकच खोली. दगडी चूल पेटलेली, वर भांडं रटरटतंय. म्हातारी चुलीपाशी गुडघ्यावर, दोन्ही हात वर. आणि तिच्यामागं घोंगडीवर एक जर्मन शिपाई — मांडीला चिंध्या बांधलेल्या, रक्तानं लाल झालेल्या.

आता नाईकाची पंचाईत बघा! हुकूम सोडला, तर ऐकतील? डोळे फिरलेल्या माणसाला हुकूम ऐकू येत नाही. कायदा सांगितला? तो तर कधीच वाऱ्यावर गेलेला. आडवा पडला? तर ह्याच्यासकट बाँब टाकायलाही रंगू कमी करणार नाही. हैबती दोन यत्ता शिकलेला माणूस. भाषण येत नव्हतं. तो दारात उभा राहिला आणि आपली आई ज्या आवाजात ओरडायची, त्याच आवाजात ओरडला —

"आत चूल पेटलीय! पायताण काढा!"

रंगू बघतच राहिला. "काय?"

"कानात चिखल गेला का रं? चुलीपुढं बूट घालून जाणार? तुझ्या आईनं हेच शिकवलंय? घरी गेला असतास तर उलथनं तापवून डागलं असतं तिनं! काढ बूट. मग आत जा, काय करायचं ते कर."

मंडळी, आता गंमत बघा! डोक्याला पटायच्या आधी अंगाला पटलं. बाळकू मटकन खाली बसला आणि नाड्या ओढायला लागला. म्हणाला, "बरोबर हाय नाईकाचं. बुटासकट सैपाकघरात गेलो म्हणून आजी मला अजून शिव्या देती!" दुसरा बसला. तिसरा बसला. परक्या मुलखात, लढाईच्या ऐन मैदानात, मराठ्यांची अख्खी तुकडी दारात बसून बूट काढतीय! जर्मनाच्या साहेबानं दुर्बिणीतून बघितलं असतं तर वेड लागलं असतं बिचाऱ्याला!

रंगू उभाच. दात-ओठ खात उभा. मग वाकला. पण नाड्या चिखलानं कडक झालेल्या, बोटं थंडीनं बधिर. एका हातानं सुटेना. दुसऱ्या हातात काय? बाँब! त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं... आणि नाईकापुढं हात केला.

"धरा जरा."

हैबतीनं धरला. काही बोलला नाही. शहाण्या माणसाला कुठं गप्प बसायचं ते कळतं. तुमच्यातल्या किती जणांना कळतं?

डावा बूट निघाला. उजव्याची गाठ काही सुटेना. ओढतोय, ओढतोय — आणि एकदम थांबला. ती गाठ त्याची नव्हती. सकाळी बोटं वळत नव्हती म्हणून गजाबानं मारून दिली होती. "लहान पोर हाईस का रं," असं म्हणून, वाकून, गजाबानं मारलेली.

तिथं रंगू फडतरे रडला. दारात बसून, एक पाय अनवाणी, गाठीवर हात ठेवून. कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. सगळे आपापल्या पायांकडं बघत बसले. मग त्यानं गाठ सोडवली. तोडली नाही — सोडवली.

आत गेले सगळे, अनवाणी. गार फरशी, समोर चूल. म्हातारी बघतीय, की हे मारायला आलेत का जेवायला?

रंगू त्या जर्मनासमोर उभा राहिला. बाहेर बोट दाखवलं, आपल्या छातीवर ठेवलं, मग त्याच्याकडं वळवलं. "तूच ना?" जर्मनाला कळलं. खोटं बोलता आलं असतं त्याला. बोलला नाही. डोळे मिटले आणि मान हलवली. हो. मीच.

बाँब नाईकाकडं होता, पण खांद्यावर रायफल होती की!

रंगूनं त्या रक्ताळलेल्या चिंध्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "नाईक, ह्याचा पाय सडंल. खाली डॉक्टरकडं न्यायला पायजे. पर आधी माझ्या भावाला उचलायचं. मग ह्याला."

वाजवी मागणी आहे की नाही? तुम्ही असता तर "हो" म्हणाला असता. हैबती काय म्हणाला?

"गजाबा आता थांबू शकतो, रंगू. हा नाही थांबू शकत."

घोंगडीची झोळी झाली. तेवढ्यात काय झालं — म्हातारीला काय वाटलं कोण जाणे, बाहेर गेली, आणि पोरांचे चिखलाचे बूट कवटाळून आत! वाळावेत म्हणून थेट चुलीला टेकवून मांडायला लागली! "आगं आगं आगं! आजे! बाटवलीस की चूल!" बाळकू असा ओरडला की तो जखमी जर्मनसुद्धा दचकला. म्हातारी कावरीबावरी. हसू फुटलं सगळ्यांना. काय करता! चिखलाच्या बुटांनाही माया लावणारी बाई ती. मग बूट चुलीपासून ओढून काढले, ओलेच पायांत घातले आणि निघाले.

झोळीचं पुढचं टोक कुणी धरलं? रंगूनं. दुसरा कुणी पुढं आला तर म्हणाला, "मी नेतो."

वाट गजाबा पडला होता तिथूनच जात होती. त्याच्यापाशी आल्यावर रंगू थांबला. झोळी खांद्यावर तशीच. खाली बघून म्हणाला, "आलोच, गजा. ह्याला पोचवून आलोच." आणि पुढं निघाला.

बस. पुसा डोळे. आता तुमच्याकडं वळते!

मंडळी, हुकूम तिथं कमी पडला. कायद्याचं पुस्तक तिथं नव्हतं. मग रंगूचा हात आवरला कशानं? घरात लहानपणी लागलेल्या वळणानं! जे घरात मुरलं होतं, तेच रणात कामाला आलं. आणि लढाईत मागं सरला का तो? मुळीच नाही! पुढं आणखी टेकड्या घेतल्या त्यानं. माणुसकीनं शिपाई नेभळा होत नाही, लिहून ठेवा.

आणि तुम्ही? बांधलेल्या माणसाला तुडवतात ती चित्रं मोबाईलवर बघता, दात काढता, पुढं धाडता! ना खांद्यावर रायफल, ना कधी भाऊ पडला — तरी रंगूपेक्षा जास्त रक्त तुम्हाला हवंय! घरातली पोरं हे बघत बसलीत. त्यांच्यात काय मुरणार?

उद्या आपल्या गावची तीन पोरं भरतीला निघालीत. त्यांना मी काही सांगणार नाही. मी सांगते त्यांच्या आयांना. उठा गं तिघी! लाजता काय? उभ्या राहा! लाडू बांधलेत, कपडे घड्या केलेत, झालं ते. आता घरी गेल्यावर पोराला ताट वाढा, समोर बसा आणि सांगा — "समोर उभा राहील त्याच्याशी वाघासारखा लढ. पण पडला, शरण आला, की तो तुझ्या ताब्यातला जीव. त्याला जपलं नाहीस, तर मेडल घेऊन माझ्या दारात येऊ नकोस."

आणि सांगताना रडायचं नाही. विनवायचं नाही. आईनं हुकूम द्यायचा असतो!

हं. आता वाजवा टाळ — आणि जोरात!