अंगठा कुणाचा?

नेकनूरहून बीडला निघालेल्या एसटीत नर्स स्वप्नाच्या मागच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

"साखराबाई, ग्राहक कोर्टात आज तारीख ना तुझी? भ्या न्हाई वाटत?"

"कावून वाटंल, आमिनाबी? गाठ काढायला गेलते, त्या डॉक्टरनं गर्भपिशवीच काढली. न इचारता."

"त्यो तर म्हनतो, इचारलं हुतं."

"कागद दाखवतोय ना! बाईला समजून सांगितलं, बाईनं अंगठा दिला."

"मंग?"

"शेळ्यांमागं हिंडनारी बाई, तिला कुठली सही, आसं वाटलं आसंल त्याला. आगं, बचत गटाची अध्यक्ष हाय मी! आठ वर्सं झाली, दर ठरावाखाली सही करती."

"मंग त्यो अंगठा कुणाचा?"

"माजाच हाय. शुद्दीवर आसते तर सही केली आसती की! ह्येच सांगनार हाय आज."

स्वप्ना दवाखान्यात पोचली, तेव्हा ऑपरेशनची बाई खाटेवर बसली होती. सवयीनं स्वप्नानं शाईचं पॅड उघडलं, मग मिटून बाजूला सारलं.

"मावशी, काय काढणार ते आधी वाचून दाखवते. तुम्हाला सही येते का?"

"येती की. पर आजवर इचारलं कुणी?"