तार लावलीय की!

...आन वर त्यो मलाच विचारतोय, "बिरू, तार नीट लावली होतीस ना?" तार! तुमाला सांगतो, ह्या आठवड्यात त्या नेटच्या तारेला मी जेवढ्यांदा हात लावलाय ना, तेवढा माझ्या टेम्पोच्या स्टेरिंगला लावला नसंल! काढ, लाव. काढ, लाव. टक् असा आवाज आला पायजे म्हणतात, येतोय की आवाज! भोकात फुंकर मारली, तार बदलून नवी आणली, तरी त्यो काँप्युटर लाल फुली दाखवतोय आन म्हणतोय, तार लावलेली न्हाय. आरं लावलीय की! ह्या हातानं लावलीय! आन ह्यो विरेश आमच्याच खुर्चीत बसून, आमचाच चहा फुरकत मला विचारतोय... सख्खा भाऊ मी का त्यो?

न्हाय, तुमीच सांगा. शहाजीदादा माझा. एका आईच्या पोटचे आमी. दिवाळीच्या तोंडावर छातीत दुखतंय म्हणाला, दवाखान्यात नेला, आन... जाऊ द्या. त्यो काँप्युटर दादाचा. रोज संध्याकाळी दादा त्याच्यावर एका लॅबचे रिपोर्ट टाईप करायचा. आता तेच काम विजयमाला वैनी करतात, त्याच खुर्चीत बसून. आन रोज दिवेलागणीला वैनी कामाला बसल्या की नेट गायब! आतनं हाक येते, "भावजीऽऽ!" मी ताटावरनं उठतो, हात धुतो, पळतो... तर वैनी म्हणतात, "तुमी न्हवं ओ, विरेश भावजींना फोन लावा की जरा."

म्हंजी मी पण भावजी, त्यो पण भावजी!

विरेश म्हंजी दादाचा कॉलेजातला दोस्त. मी आटवीतच शाळेला रामराम ठोकला, त्यामुळं ह्या दोघांचं इंग्रजीतनं काय हसणं-खिदळणं चालायचं ते मला कधी कळलंच न्हाय. दादाचा पासवर्ड विरेशला म्हाईत. दादाला चहात साखर किती लागायची ते विरेशला म्हाईत. आन मातीच्या दिवशी ह्यो असा रडला, असा रडला की गल्लीतली सगळी माणसं त्येलाच धरायला! मी टेम्पोला टेकून उभा. मला कुणी पाण्याचा तांब्या सुद्धा दिला न्हाय. रडण्यात पण पुढं! सख्खा भाऊ मी का त्यो?

म्हटलं, बास. ह्या टायमाला दुरुस्त करणार तर मीच. कंपनीला फोन लावला. तिकडं एक बाई, अशी गोड, जणू साखर कारखान्यातनंच बोलतीय. "सर, आधी राउटरवरचे लाईट चालू आहेत का बघता का?" राउटर म्हंजी ती पांढरी डबी हो, भाईरच्या खोलीत फळीमागं असते, तिच्यातनं तार आतल्या काँप्युटरला येते. आता ती बघायला कोण उठणार? मी म्हटलं, "चालू हायत की! आमी काय आंधळे हाय काय?" "मग सर, कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा." केला. "परत करा." परत केला. बाई, गाडी बी इतक्यांदा किक मारली तर पेटते!

तवर वैनींनी त्येला फोन केलेलाच होता. आला विरेश. आमच्या कुंभारी गावात शिरला की त्येच्या गाडीचा आवाज मला वळणावरच वळखू येतोय. आला, खुर्चीत बसला, खटाखटा काय काय दाबलं, आन म्हणाला, "वहिनी, आतलं नेटचं कार्डच गेलंय वाटतं. आज नाही झालं तर मशीन माझ्या घरी नेतो. तुम्ही तिथंच येऊन काम करत जा, आमची आई असतेच घरी."

काँप्युटर न्हेणार! अवो, दादाची बोटं उमटलेली हायत त्या बटणांवर. ‘अ’चं बटण झिजून कोरं झालंय, दादानं झिजवलंय ते! ते उचलून ह्येच्या घरी? आन वैनी मान हलवतायत, "व्हय, तसंच करू"!

डोकंच फिरलं माझं. म्हटलं, थांब तुझ्या. ती पांढरी डबीच बंद करून टाकतो. बस रातभर खटखट करत. दिसू दे सगळ्यांना, तुला बी काय येत न्हाय ते! काँप्युटर जाईल का राहील, ह्येचा इचार तवा कुणी केला? भाईरच्या खोलीत गेलो, फळीमागं हात घातला, पिन धरली, आता उपसणार...

तर डबी आधीच बंद! तिची पिन खाली लोंबतीय. आन माझ्या हातात होती ती पिन दुसऱ्याच कशाची. वर बघतो तर दादाचा फोटो. हार घातलेला. आन फोटोपुढं आईनं गेल्या आठवडी बाजारातनं आणलेली विजेची लाल समई.

मागनं आई आली. "बिरू, दिवा काढू नगं हां. त्या डबीची पिन काढून लावलाय मी. ती उगं लुकलुकत बसती. संध्याकाळचं माझ्या शाजीच्या तोंडावर अंधार नगं. झोपताना लावती की तिची पिन परत."

आई, तुझ्या दिव्यानं सुनेचं काम बंद पाडलंय, असं म्हणू? दादाच्या दिव्यानं? उद्यापासनं ती म्हातारी त्या दिव्याला हात लावंल का? मी खाटंखालनं पंख्याचं एक्स्टेन्शन बोर्ड ओढलं, मोरीजवळच्या पॉइंटात खोचलं, आन गुपचूप डबीची पिन त्यात घातली. दिवा तसाच ठेवला.

डबी लुकलुकाय लागली. आन आतनं आरोळी, "आलं! आलं वहिनी! नवीन ड्रायव्हर टाकला ना, त्यानं झालं!"

वैनी हसल्या. दिवाळीनंतर पैल्यांदा हसल्या, खरं सांगतो... आन कुणाकडं बघून? सख्खा भाऊ मी का त्यो, आता तुमीच ठरवा.

आईनं विरेशला बसवून घेतलं. गरम भाकरी, शेंगाची चटणी, वर दह्याची वाटी. पाठीवरनं हात फिरवत म्हणती, "माझ्या शाजीवानी हात हाय रं तुझा." मी दारात उभा. माझ्याकडं बघितलं, सुस्कारा सोडला आन म्हणाली, "ह्येच्या मागं लागून काय तरी शिक, बिरू. न्हाय तर तू आपला त्या दिव्याचं बघत जा रोज. तेवढं तरी जमंल न्हवं?"

म्हटलं, "जमंल की, आई."