डब्या परत आल्या त्याबाबत

निवेदन करणार प्रभाकर सोनू साळवे, वय छप्पन्न, धंदा अर्जलेखन, राहणार खडकी. संबंधित व्यक्ती माझी मुलगी मेघना, संशोधक. साक्षीदार चहावाल्या लक्ष्मीबाई आणि रिक्षावाले रफिकभाई, दोघेही माझ्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर धंदा करणारे. तारीख आजची घाला. हे मी सांगतो, शेजारच्या टेबलावरचे टंकलेखक म्हणून लिहा तुम्ही आणि सगळ्यांना वाचून दाखवा. मी स्वतः का लिहीत नाही ते ओघात येईल.

माझे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार. मी दहावीपर्यंत गेलो, तिथे इंग्रजीने अडवलं, पण मराठी मसुद्यात या कचेरीच्या फाटकाबाहेर माझ्यापुढे उभा राहील असा माणूस नाही, हे गर्वाने नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. मुलगी मात्र शिकली, इंजिनिअर झाली, आता पीएच.डी. करते, आणि विषय काय, तर बिनतारी निरोपांच्या वाटा.

काय सांगू तुम्हाला, हा विषय मी तिच्याकडून अनेकदा समजून घेतला आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त गोंधळलो. ती म्हणते, बाबा, पूर आला, मोबाईलचे टॉवर बंद पडले तरी निरोप पोचला पाहिजे, म्हणून माणसांच्या खिशात ठेवलेल्या छोट्या यंत्रांच्या डब्याच तो एकमेकींकडे देत पुढे नेतील. मी म्हटलं, म्हणजे टेबलावरून टेबलावर अर्ज जातो तसं. ती म्हणाली, हो, फक्त इथे टेबलं चालत असतात. आता टेबलच चालू लागल्यावर अर्ज द्यायचा कोणाकडे? तर म्हणे तेच मी शोधते, एक माणूस निघून गेला की निरोपाने दुसरी वाट किती पटकन धरायची. मी विचारलं, आणि मध्येच हरवला तर जबाबदार कोण? ती म्हणाली, कोणी नाही बाबा. कोणी नाही! अगं, असं कोणतं खातं असतं?

प्रयोगाला चालती-फिरती माणसं हवी होती, ती माझ्या शब्दावर तयार झाली. लक्ष्मीबाईंनी डबी कमरेच्या पिशवीत टाकली आणि विचारलं, हिच्यात गाणी लागतात का गं? नाही मावशी, नुसती जवळ ठेवायची. मग बरी आहे, म्हणाल्या, आमच्या ह्यांच्यासारखी. विद्यापीठाला प्रत्येकाची लेखी संमती लागते म्हणून मेघना मला म्हणाली, बाबा, दोन सोप्या ओळी लिहून द्या. मुलीच्या पीएच.डी.चं काम आणि दोन ओळी! मी दीड पानांचा मसुदा केला. त्यात लिहिलं, मी खाली सही करणार, शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय सदर यंत्र ताब्यात घेत असून त्यापासून उद्भवणाऱ्या सर्व परिणामांस मी व माझे वारस जबाबदार राहू, कसूर झाल्यास कायदेशीर कारवाईस पात्र राहू. जबाबदार कोणीच नाही, ही तिच्या कामातली उणीव मी भरून काढली.

मेघना कॉलेजात होती तेव्हा मी कागद वाटले, आणि दुपारपर्यंत सगळ्या डब्या माझ्या टेबलावर परत. रफिकभाई म्हणाले, साळवेसाहेब, तुमच्यावर विश्वास आहे म्हणूनच घाबरलो, तुम्ही कारवाई लिहिता तेव्हा ती होतेच. लक्ष्मीबाई म्हणाल्या, अहो, फुटणार असेल तर सरळ सांगा, वारसांना कशाला उठवता, माझा वारस तसाही दुपारी उठतो.

मेघनाने येऊन संगणक उघडला, तर त्यावर दोनच ठिपके, एक तिच्या कॉलेजातल्या डबीचा, एक माझ्या टेबलावरच्या सगळ्या ढिगाचा, आणि मध्ये वाट नाही. ती ओरडली नाही. बाबा, जेवलात का, एवढंच म्हणाली. या आठवड्यात तिचे मार्गदर्शक प्रयोग पाहायला येणार आहेत. तो झाला नाही तर तिचं वर्ष गेलं. तिने स्वतः दोन ओळी लिहून सगळ्यांकडे नेल्या, तर लोक विचारतात, पहिल्या कागदातलं ते सगळं यात कुठे लपवलंयस?

माझ्या मसुद्यात चूक काय, मला अजून सापडलेली नाही. पण आता मी नवा कागद दिला तर लोक आणखीच लांब पळतील, एवढं समजलं, म्हणून आयुष्यात प्रथमच तोंडाने सांगतो आहे.

सबब विनंती अशी की, लक्ष्मीबाई, रफिकभाई आणि इतर सर्वांनी माझ्या टेबलावरची एकेक डबी उचलावी आणि मेघनाच्या दोन ओळींवर सही करावी. त्या ओळींत काहीही लपवलेलं नाही. मी स्वतः शोधून पाहिलं. परिणाम काही झालेच तर जबाबदार मी एकटा, कोणाचे वारस नाहीत. उत्तर तोंडी दिलंत तरी चालेल.